रिफाइंड खाद्यतेल (लातूर-नांदेड)

स्वतःची ठळक चव वा वास नसलेले आणि तापवल्यावर उशिरा धुरावणारे वनस्पती तेल. लातूर व नांदेड जिल्ह्यांत ते मुख्यतः सोयाबीन, सूर्यफूल आणि सरकीचे असते.

सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के. घाण्यावर ते परवडण्याइतके निघत नाही. म्हणून दाणे चेपून त्यांचे पापुद्रे करतात आणि हेक्झेन या द्रावकाने तेल ओढून घेतात. उरलेली पेंड पशुखाद्यात जाते. कच्चे तेल गडद व उग्र असते. त्यातले चिकट अंश पाण्याने, आम्लता कॉस्टिक सोड्याने, तर रंग सक्रिय मातीने काढतात. शेवटी निर्वात टाकीत सुमारे २४० अंश सेल्सिअसला वाफ सोडून वास घालवतात. सरकीच्या तेलाला शुद्धीकरणावाचून गत्यंतर नाही. कच्च्या तेलात गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असते.

भजी, पुऱ्या, चकल्या १७० ते १९० अंशांवर तळल्या जातात. रिफाइंड सोयाबीन तेल साधारण २३० अंशांपर्यंत धुरावत नाही. फोडणीत त्याचा खरा उपयोग दिसतो. मोहरी तडतडली की लसूण, कढीपत्ता, हिंग यांचा वास तेलात उतरतो, तेलाचा स्वतःचा वास आड येत नाही. मिरचीचा रंगही तेलातच विरघळतो. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावरचा लाल तवंग त्यामुळेच येतो. निलंगा राईस आणि सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ) यांची चवही अशाच फोडणीवर उभी असते.

सोयाबीन तेलातील सुमारे ७ टक्के लिनोलेनिक आम्ल हवेने लवकर बिघडते. तेच तेल वारंवार तापवले तर ते काळवंडते, घट्ट होते, त्याला फेस येतो. अशा तापवण्याने वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास भारतात मनाई आहे.

कच्चे खाण्यासाठी मात्र हे तेल कामाचे नाही. ज्वारीच्या भाकरीसोबत शेंगदाण्याच्या चटणीवर किंवा ठेच्यावर घ्यायला घाण्याचे करडई तेलच हवे. रिफाइंड तेल तिथे नुसता ओशटपणा देते. करडई हे इथले जुने रब्बी पीक. काटेरी असल्याने ती ज्वारीच्या कडेने पेरत, म्हणजे जनावरे आत शिरत नसत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे ‘परभणी कुसुम’ हे वाण दिले. करडईचे तेलही रिफाइंड करून विकले जाते. त्या प्रक्रियेत त्याचा खमंग वास जातो आणि ते फोडणी-तळणाच्या इतर तेलांसारखेच होते.