पाच मैलांच्या परिघातील वास्तू

वर्धा आणि सेवाग्राम यांच्यातील अंतर सुमारे आठ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने पाच मैल आहे, आणि या परिसरातील वास्तूंचा इतिहास समजून घेण्यासाठी हेच माप सर्वांत उपयोगी पडते. मोटारीतून पंधरा मिनिटांत संपणारा हा रस्ता सायकलने कापणाऱ्यास शहराची पक्की बांधणी मागे पडून मातीच्या भिंती कोठे सुरू होतात, हे नीट दिसते.

वर्धा शहर तसे अलीकडचे. १८६२ मध्ये जिल्हा वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे नव्याने आखून वसवण्यात आले. तेथील लक्ष्मीनारायण मंदिर उद्योगपती जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. त्यामुळे या मंदिराचे महत्त्व त्याच्या शिल्पकामाइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या दारात आहे. जवळच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांची घडी बसली आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले.

गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहण्यास गेले. त्याचेच नाव पुढे सेवाग्राम झाले. घराचा खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये आणि साहित्य व मजूर गावचेच असावेत, अशी त्यांची अट होती. त्यानुसार आदिनिवास हे पहिले घर बांधले गेले. पुढे गांधींचे निवासस्थान झालेली बापूकुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. बांबूच्या सांगाड्यावर मातीचा लेप दिलेल्या भिंती, वर कवेलू, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कौलांचे उतरते छप्पर, आणि भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे व चरखा, एवढेच तिचे अलंकरण. आदर्श घराचे सर्व साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळावे, हे गांधींचे म्हणणे वास्तुविशारद लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले. बेकर यांच्या स्वस्त व देखण्या विटकामामागे हीच प्रेरणा होती. विसाव्या शतकातील भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात या कुटीला राजधान्यांतील भव्य इमारतींच्या बरोबरीचे स्थान मिळावयास हवे. गांधींचे सचिव महादेव देसाई विदर्भाच्या उन्हातही मगनवाडीहून येथवर पायी येऊन पुन्हा पायीच परतत, ही गोष्ट या पाच मैलांचा खरा अर्थ सांगते.

धाम नदीकाठचे पवनारही सायकलच्याच टप्प्यात येते. १९३८ मध्ये विनोबा तेथे राहण्यास गेले आणि १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना प्राचीन मूर्ती सापडल्या, ज्यांतील राम-भरत भेटीचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी या शिल्पांचा संबंध वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातील राममंदिराशी जोडला आणि पवनार हीच त्याची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले. काही संशोधक मात्र ती राजधानी रामटेकजवळच्या मनसर येथे शोधतात.