पाचारणाची पारख : संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रावरून

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण मागें वळून पाहतों, तें केवळ अभिमानासाठीं नव्हे. पूर्वजांच्या चरित्रांत आजच्या अडचणीचें उत्तर सांपडावें, हाहि त्यांतील हेतु असतो. देव आपणांस व्रतस्थ जीवनाकडे बोलावीत आहे असें ज्या मुलास अगर मुलीस वाटतें, त्यांस वडीलधाऱ्यांनीं साहाय्य कसें करावें, ही अशीच एक अडचण आहे. तिचें उत्तर वसईच्या सुपुत्रानें आपल्या आयुष्यानें देऊन ठेविलें आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता याच देशची. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघीयांचें विद्यालय होतें. तेथें ते वाढले व पुढें कोवळ्या वयांतच येशूसंघीयांबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षें निष्ठेनें सेवा केली. येशूसंघांत आपला स्वीकार व्हावा, ही त्यांच्या मनाची तळमळ होती. ती पुरी झाली नाहीं.

मग ते व्यापारांत पडले व त्यांत त्यांचा चांगला जम बसला. पाहणारा म्हणाला असता, "याचें पाचारण संपलें." परंतु तें संपलें नव्हतें. मनिला येथें त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशीं निकट संबंध आला आणि हाती आलेला व्यापार सोडून ते त्या संघांत दाखल झाले. धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे व्रतस्थ बंधु म्हणून.

१५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून पाठविलें. बरोबर दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो गेले. ज्या वर्षांनीं त्यांस संघप्रवेश दिला नाहीं, त्याच वर्षांनीं दिलेली भाषा आतां सुवार्तेच्या कामीं आली. क्योटो येथें या बंधूंनीं मंदिर उभारिलें व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. १५९६ च्या अखेरीस त्यांस पकडण्यांत आलें आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते. ज्या संघाचें दार उघडलें नाहीं, त्या संघाच्या बंधूंशेजारींच गोन्सालो यांनीं प्राण दिला. १६२७ सालीं ते धन्य, व १८६२ सालीं पोप नववे पायस यांजकडून संत म्हणून घोषित झाले. भारतभूमींत जन्मलेले ते पहिले संत होत.

या चरित्रापासून आम्ही एक गोष्ट मुख्यत्वें शिकतों. पाचारण हें देवाचें असतें, म्हणून तें पिकण्यास अवधि लागला तरी वायां जात नाहीं. माणसानें त्यास ढकलूं नये आणि अडवूंहि नये.

ख्रिस्तसभेनें हें पूर्वींच ओळखिलें आहे. त्रेंतच्या महासभेनें १५६३ सालीं ठरविलें कीं सोळा वर्षें पुरीं झाल्यावांचून, व एक वर्षाच्या परीक्षेवांचून, कोणीं व्रतें घेऊं नयेत. स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध मठांत घालणारा आणि तिच्या पवित्र इच्छेस योग्य कारणावांचून आड येणारा, अशा दोघांसहि तिनें सारखेंच बहिष्कृत ठरविलें. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें नॉव्हिशिएटसाठीं सतरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात, तें किमान बारा महिन्यांचें असतें, आणि एकवीस वर्षें पुरीं झाल्याखेरीज आजन्म व्रतें घेतां येत नाहींत. इतका विलंब कशासाठीं? मुलाला मोकळेपणीं "होय" म्हणतां यावें, तसेंच मोकळेपणीं "नाहीं" म्हणतां यावें, यासाठीं.

आईबापहो, एकुलता एक मुलगा सेमिनरींत जाऊं म्हणतो तेव्हां तुमच्या काळजास काय होतें, हें आम्ही जाणतों. त्याला धमकावूं नका. आणि गांवांत मान वाढेल म्हणून त्याला पुढेंहि लोटूं नका. त्याला एका अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे पाठवा. परीक्षेंतील अपयश किंवा घरांतील भांडण यांपासून तो पळत तर नाहीं ना, हें प्रेमानें विचारा. आजाऱ्याची सेवा व नित्य प्रार्थना यांत त्याचें मन रमतें कीं नाहीं, हें पाहा. उत्साह ओसरल्यावरहि इच्छा टिकली, तर ती देवाची असण्याचा संभव मोठा.

आणि जो वाटेंतून घरीं परततो, त्याला "पळून आला" म्हणून हिणवूं नका. मठाच्या दारांतून आत जाणाऱ्याची मिरवणूक आपण काढतों. बाहेर येणाऱ्यासाठीं निदान जेवणाचें ताट तरी वाढावें. गोन्सालो यांसहि एकदां रित्या हातीं निघावें लागलें होतें, याचें स्मरण ठेवावें.

संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें आपल्या मुलांस देवाची हांक ऐकूं येवो, आणि आपणां वडीलधाऱ्यांस ती हांक त्यांची त्यांना ऐकूं देण्याचा धीर लाभो.