१७. गाभ्याचे नमुने

दगडखाणीवर खडीयंत्रासारखे जड आणि सतत हादरणारे बांधकाम उभारण्यापूर्वी, हिरकण्या बसवलेल्या पोकळ नळीने जमिनीत भोक घेऊन खडकाचा जो दंडगोल वर काढतात, त्यास गाभा म्हणतात. त्यातील १० सेंटिमीटर वा अधिक लांबीच्या तुकड्यांची बेरीज खोदलेल्या लांबीशी ताडून खडकाची प्रत ठरवतात. धुळे जिल्ह्यात हा तपास टाळणे धोक्याचे आहे, कारण तेथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे 'रेड बोल' हा पाण्याने ढिला पडणारा तांबडा, मातकट पट्टा असतो, शिवाय भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, या थरांना छेदून जातात; त्यामुळे खाणीच्या कड्यावर दिसणारा कठीण काळा दगड पायाखालीही सलग असेलच असे नाही. जळगावकडील तापीकाठी गाळ फार जाड असल्याने त्याचा घट्टपणा जोखण्यासाठी ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडत नमुना-नळी ४५ सेंटिमीटर रुतवतात आणि त्यांतील शेवटच्या ३० सेंटिमीटरना लागलेले घाव मोजतात. दोन्हीकडची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया शक्यतो तिच्याखालच्या मुरमापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत नेतात.