लुगडे तेच, न्याय निराळा

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला, तेव्हा त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने उभी केली होती. चित्रपटात काम करावयास स्त्रिया मिळत नव्हत्या. रंगभूमीवर तर बालगंधर्वांच्या वेषभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. पुरुषाने लुगडे नेसावे, ही गोष्ट मराठी प्रेक्षकांस नवी नव्हती. तिला त्यांनी मनापासून दाद दिली होती.

परंतु तेच लुगडे नेसून जो रस्त्यावर आला, त्याच्या वाट्याला निराळा न्याय आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तृतीयपंथीयांची नोंद ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे अथवा नाचणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा अपराध होता. पुढे तो कायदा गेला. संशयाची दृष्टी मात्र मागे उरली.

चित्रपटाने हीच दृष्टी उचलली. बारशाला किंवा लग्नाला टाळ्या वाजवीत यावे आणि हशा पिकवून निघून जावे, एवढेच काम तृतीयपंथीयास पुष्कळदा मिळे. १९९१ च्या ‘सडक’मध्ये हशाची जागा भीतीने घेतली. सदाशिव अमरापूरकरांनी रंगविलेली ‘महाराणी’ इतकी प्रभावी ठरली की, त्यांना खलनायकाचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. पुढे १९९७ च्या ‘तमन्ना’मध्ये परेश रावळ यांचा टिक्कू टाकून दिलेली मुलगी उचलून वाढवितो. येथे भीती ओसरून करुणा आली.

तथापि करुणेच्या पलीकडचा प्रश्न दोन चित्रपटांनी विचारला. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (२००९) तायप्पाला देवीचा कौल म्हणून जोगता करतात आणि त्याच्या अंगावर बळेच लुगडे चढवितात. सौंदत्तीची यल्लम्मा ज्यांच्या परिचयाची आहे, त्या बेळगावकडील वाचकांना हे दुःख परके नाही. उलट ‘नानू अवनल्ला… अवळु’ (‘मी तो नव्हे… ती’) या कानडी चित्रपटातील नायिका मुलगा म्हणून जन्मली आहे. स्त्री म्हणून जगता यावे, यासाठी ती घरदार सोडते. हा चित्रपट लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या आत्मचरित्रावर आधारलेला आहे. उपेंद्र लिमये आणि संचारी विजय या दोन्ही नायकांना या भूमिकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. एकाला लुगडे नको आहे, दुसरीला तेच हवे आहे. पण दोघांवरील अन्याय एकच. त्यांनी कोण व्हावे, हे इतरांनी ठरविले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच आहे, असा तो निर्णय होता.

पडद्यावर मात्र एक अंतर पुष्कळ काळ राहिले. वर सांगितलेल्या चारही भूमिका पुरुष नटांनी केल्या. २०१९ साली प्रदर्शित झालेल्या ‘पेरन्बु’ या तमिळ चित्रपटात अंजली अमीर या तृतीयपंथी अभिनेत्रीने मामुट्टींसमवेत महत्त्वाची भूमिका केली, तेव्हा ते थोडे मिटले. फाळक्यांनी स्त्रिया शोधल्या होत्या. त्या मिळेनात, म्हणून साळुंके उभे राहिले. तृतीयपंथी कलावंतांना तर फार वर्षे कोणी बोलावलेच नव्हते.