कॉम्प्युटर सारखा बंद-चालू केला की खरंच बिघडतो का? अकोला-अमरावतीवाल्यांनी आधी लाईनकडे बघावं

"सारखा बंद-चालू नको करू रे, जळून जाईल तो!" घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हे वाक्य ऐकलं नाही असं घर वऱ्हाडात शोधावंच लागेल. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर सांगायचे, घरी बाबा सांगायचे आणि सेतू केंद्रावर आजही कोणीतरी सांगतंच. त्यामुळे काही जण सकाळी लावलेला कॉम्प्युटर रात्री झोपतानाच बंद करतात, आणि काही जण तर आठवडाभर करतच नाहीत. उगीच बटण दाबून आपल्या हातानं नुकसान कशाला?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, दिवसातून चार-पाच वेळा नीट शटडाउन करून पुन्हा चालू केल्यानं आजच्या कॉम्प्युटरला काहीही होत नाही. पण "नीट" हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर बहुतेक वेळा आपण बंद करत नाही, तो बंद होतो. लाईन जाते.

आधी ही भीती आली कुठून ते बघू, कारण ती अगदीच खोटी नव्हती. १९८० च्या दशकातल्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारी सुई, म्हणजे हेड, बाजूला नेऊन ठेवण्यासाठी वेगळी कमांड द्यावी लागायची. ती न देताच वीज गेली तर हेड थेट तबकडीवरच टेकायचं. पुढच्या डिस्कमध्ये हे काम आपोआप होऊ लागलं. आताची हार्ड डिस्क वीज गेल्यावर स्वतःच्याच फिरत्या मोटरला जनित्र म्हणून वापरते आणि त्या उरलेल्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेते. जुने डब्यासारखे मॉनिटर आठवतात? चालू करताना "डंग" असा आवाज यायचा आणि चित्र थरथरायचं. पडद्यावर साचलेलं चुंबकत्व काढण्यासाठी एका कॉइलमधून मोठा करंट सोडला जायचा, त्याचा तो आवाज. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं की आत काहीतरी फुटलं.

मग बंद-चालू करताना आजच्या मशीनमध्ये झीज होते की नाही? होते, पण ती मोजलेली आहे. डेस्कटॉपच्या नेहमीच्या हार्ड डिस्कला कंपन्या साधारण ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याची क्षमता देत आल्या आहेत. दिवसाला १० वेळा बंद-चालू केला तरी हा आकडा गाठायला साडेतेरा वर्षं लागतील. एसएसडीत तर फिरणारा भागच नाही.

दुसरी झीज तापण्या-थंडावण्याची. चालू असताना प्रोसेसर ७०-८० अंशांवर जातो, बंद केला की खोलीच्या तापमानाला येतो. धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे सोल्डरच्या जोडांवर ताण येतो. हा प्रकार काल्पनिक नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीनं लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिप निकामी होत असल्याचं मान्य केलं आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. तापणं-थंडावणं चिपच्या आतल्या कच्च्या जोडांना सोसत नव्हतं. पण तो सदोष मालाचा किस्सा होता. चांगल्या बोर्डला रोजचे दोन-चार फेरे काही करत नाहीत. शिवाय गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना चिप दिवसातून कितीदा तरी तापते आणि निवते, ती काही बटण दाबण्याची वाट बघत नाही.

आता उलट बाजू. कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवला तर तो जास्त टिकतो का? पुण्या-बंगळुरूचं माहीत नाही, पण अकोल्यात मे महिन्यात तरी हा सौदा तोट्याचा आहे.

एसएमपीएस आणि मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. आतलं द्रव उष्णतेनं हळूहळू सुकतं. चांगल्या कपॅसिटरवर १०५ अंश असं लिहिलेलं असतं आणि त्या तापमानाला त्याचं आयुष्य साधारण २,००० तास धरतात. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट, असा इंजिनीअर लोकांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे डब्याच्या आत ६५ अंश असेल तर ३२,००० तास आणि ५५ अंश असेल तर ६४,००० तास. खोली १० अंशांनी जास्त तापली की आयुष्य निम्मं! बाहेर पारा ४५ च्या पुढे, दुपारी कूलर बंद, वरून पत्रा किंवा उघडा स्लॅब. अशा खोलीत डब्याच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. ३२,००० तास म्हणजे अखंड चालवलं तर साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. तोच कॉम्प्युटर रोज आठ तास चालवला तर जवळपास ११ वर्षं. बटणाला घाबरून मशीन चालू ठेवणारा माणूस वाचवतो काय आणि घालवतो काय, हे या हिशोबात दिसतं.

आणि विजेचं बिल वेगळंच. रिकामा बसलेला डेस्कटॉप मॉनिटरसकट ८० वॉट घेतो असं धरा. रात्रीचे १४ तास म्हणजे एक युनिटच्या वर, महिन्याला सुमारे ३४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ३४० रुपये झाले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला सोपा आहे: २० मिनिटांपेक्षा जास्त उठून जाणार असाल तर मॉनिटर बंद करा, दोन तासांपेक्षा जास्त असेल तर कॉम्प्युटरच बंद करा. आपण तो जसाच्या तसा उचलायला हरकत नाही.

खरा शत्रू: लाईनचं येणं-जाणं

ज्यांची शाळा-कॉलेजं २००५ ते २०१२ या काळात झाली, त्यांना भारनियमनाबद्दल वेगळं सांगायला नको. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी कंपनी झाली, तेव्हा राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. वीजगळती आणि थकबाकी जास्त असलेल्या फीडरवर जास्त तास लाईन बंद, असं गणित होतं. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र, तरी गावात अंधार, हा विनोद तेव्हा चहाच्या टपरीवर रोजचा होता. डिसेंबर २०१२ मध्ये राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर केलं, जास्त गळतीचे फीडर तेवढे वगळून. वेळापत्रकाचं भारनियमन गेलं, पण वादळात पडलेली तार, जळालेली डीपी आणि उन्हाळ्यातलं ट्रिपिंग काही गेलं नाही.

कॉम्प्युटरवाल्यांची समजूत याच काळात पक्की झाली असावी. दिवसातून चार वेळा लाईन जायची, चार वेळा कॉम्प्युटर धाडकन बंद व्हायचा आणि सहा महिन्यांत एसएमपीएस किंवा हार्ड डिस्क जायची. दोष मात्र "बंद-चालू"वर गेला.

लाईन जाताना काय बिघडतं? मुख्यतः डेटा. विंडोज ९८ च्या काळात असं झालं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू व्हायचं. आताच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवली जाते, म्हणून बहुतेक वेळा विंडोज सावरून घेतं. पण त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर ती अर्धवट राहू शकते. स्वस्त एसएसडीचा धोका वेगळा आहे. कोणता डेटा कुठे ठेवलाय याचा आतला नकाशा बदलत असतानाच वीज गेली तर कधी कधी अख्खी डिस्कच दिसेनाशी होते. आणि बायोस अपडेट सुरू असताना लाईन गेली तर मदरबोर्डच मुका होऊ शकतो. आभाळ भरून आलेलं असताना ते काम करूच नये.

लाईन येताना काय बिघडतं? यंत्र! फीडर सुरू झाला की त्यावरचे सगळे कूलर, फ्रीज, मोटारपंप एकाच वेळी करंट ओढतात. व्होल्टेज खाली जातं, वर येतं. बिघाड नीट निघालेला नसला तर लाईन दोन मिनिटांत पुन्हा जाते, पुन्हा येते. इथे एक बारीक गोष्ट आहे. एसएमपीएस चालू होताना पहिला करंट खूप मोठा असतो. तो अडवायला आत एक छोटा थर्मिस्टर असतो. तो थंड असताना अडवतो आणि गरम झाला की वाट मोकळी करतो. लाईन जाऊन लगेच आली तर तो अजून गरमच असतो आणि अडवायचं काम नीट करत नाही. म्हणून बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून चालू करा हा जुना सल्ला अंधश्रद्धा नाही. तेवढ्या वेळात तो थंड होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. डीपीवरून येणारी न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली की काही घरांत २३० च्या जागी ३०० च्या पुढे, क्वचित ४०० व्होल्टपर्यंत वीज येते. एका गल्लीतले टीव्ही, पंखे, सेट टॉप बॉक्स एकदम गेले अशी बातमी येते, ती बहुतेक याचीच. बल्ब अचानक झगझगीत झाले किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत प्रखर दिसले, तर विचार न करता मेन स्विच पाडा आणि वायरमनला फोन करा.

अर्थिंगचंही आपल्याकडे एक खास दुखणं आहे. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटली की अर्थ कागदावरच राहतो. मार्चनंतर अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायची जुन्या लोकांची सवय यासाठीच होती. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या, मग कॉम्प्युटर दुरुस्तीला न्या.

मग करायचं काय?

यूपीएस घ्याच. सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरणारी मुलं यांच्यासाठी तर ही चैन नाही. फॉर्मची शेवटची तारीख आणि सबमिट दाबताना गेलेली लाईन हे दोन्ही एकत्र आलं की एखाद्याचं वर्ष जातं. मात्र यूपीएस हा काम चालू ठेवायला नसून काम सेव्ह करून नीट शटडाउन करायला आहे. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर मिळणारी १०-१५ मिनिटं तेवढ्यासाठी पुरतात. त्याला लेझर प्रिंटर लावू नका, तो गरम होताना इतका करंट ओढतो की यूपीएसच बसतो.

यूपीएसमधली बॅटरी २५ अंशांच्या हिशोबानं बनवलेली असते. त्याच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे कंपनीच्या कागदावरची तीन-चार वर्षं आपल्याकडे दोनवरही येऊ शकतात. दर दोन-तीन महिन्यांनी काम सेव्ह करून, यूपीएसचा बोर्डावरचा स्विच बंद करून बघा. कॉम्प्युटर लगेच बंद पडला तर तुमच्याकडे यूपीएस नाही, नुसतं जड एक्स्टेन्शन बोर्ड आहे!

घरात इन्व्हर्टर असेल तर मागे "यूपीएस मोड"चा स्विच आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईन बदलायला इतका वेळ जातो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. एसएमपीएस विजेशिवाय १५-१६ मिलिसेकंदच तग धरतो.

बायोसमध्ये एक सेटिंग असते, लाईन परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू व्हावा की नाही याची. ती "बंद राहू दे" अशी ठेवा. लाईन स्थिर होईपर्यंत पाच मिनिटं थांबा, मग बटण दाबा.

पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर प्लग काढा, आणि ब्रॉडबँडची लॅन केबलही काढा. ही केबल सगळे विसरतात, आणि ती तांब्याची असते. जवळ वीज पडली तर बाजारातला कोणताही स्पाइक गार्ड पुरा पडत नाही.

कापसाच्या पट्ट्यात धुळीबरोबर बारीक रुईही उडते. ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीट सिंकच्या फटींत नमद्यासारखी बसते. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर हंगाम संपल्यावर एकदा डबा उघडून साफ करून घ्या. कूलरचा झोत थेट कॉम्प्युटरवर मात्र सोडू नका, हवेसोबत पाण्याचे थेंबही येतात.

लॅपटॉपवाल्यांना यातलं बरंच लागू नाही, त्यांचा यूपीएस पोटातच असतो. त्यांनी बॅटरी उन्हात आणि गादीवर तापवू नये, एवढंच.

आणखी एक. विंडोज ८ पासून "शटडाउन" म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. म्हणून रोज बंद करूनही कॉम्प्युटर संथ चालत असेल तर शटडाउनऐवजी एकदा रीस्टार्ट करा. त्यातच सगळं नव्यानं सुरू होतं.

शटडाउन झाल्यावर बोर्डावरचं बटण बंद केलं तर चालतं का? चालतं, उलट आपल्याकडे ते बरंच. फक्त मग घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग सांभाळण्याचं काम मदरबोर्डवरच्या गोल बॅटरीवर येतं आणि ती थोडी लवकर संपते. चालू करताना तारीख चुकीची दिसू लागली किंवा रोज "एफ वन दाबा" असं विचारू लागला, तर घाबरून मदरबोर्ड बदलायला जाऊ नका. सीआर २०३२ नावाचा तो सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.