वर्गाबाहेरची शाळा : रिद्धपूर ते अमरावती

रिद्धपूरचे नाव घेताच वऱ्हाडातील भाविकास श्रीगोविंदप्रभू आठवतात आणि भाषेच्या अभ्यासकास म्हाइंभट. विद्यार्थ्यांची चर्चामंडळे, आखाडे आणि छात्रालये ह्यांची हकीकत सांगावयास आम्ही ह्याच गावापासून आरंभ करीत आहो, हे पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे.

चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र झाला. तेथे म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्याने जे पाहिले व ऐकले, ते त्याच्याकडे जाऊन विचारावयाचे, नागदेवाचार्यांपुढे ठेवावयाचे, त्यांनी पारखावयाचे आणि मग लिहावयाचे, असा तो क्रम होता. शके 1200 च्या सुमारास ह्याच गावी वाजेश्वरीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुसणे, ताडून पाहणे आणि नोंदणे ह्या तीन गोष्टी चांगल्या चर्चामंडळात असाव्या लागतात, आणि त्या येथे होत्या. ह्या मंडळीत महदाइसा होती, हे विशेष. प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला त्या प्रसंगी तिने रचलेले धवळे आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून आज अभ्यासिले जातात. बाईमाणसाने चारचौघांत शंका विचारू नये, असे म्हणणारे लोक आमच्या पाहण्यात अजूनही आहेत. त्यांनी एकदा रिद्धपूरची यात्रा करावी.

पुढे ह्याच पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद झाले आणि विसाव्या शतकात संशोधकांनी ते उलगडीपर्यंत बाहेरच्या जगास अपरिचित राहिले. दरम्यान वऱ्हाडात इंग्रजी अंमल आला आणि त्याबरोबर हायस्कूलही आले. ते तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी असावयाचे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरसारख्या गावच्या मुलास पुढे शिकावयाचे तर घर सोडणे प्राप्त होते. घंटा झाली की शहरातला मुलगा घरी जाई, जेवी आणि पुन्हा खेळावयास किंवा वक्तृत्वसभेस येई. खेड्यातून आलेल्या मुलापुढे मात्र संध्याकाळी कोठे जेवावे हाच प्रश्न असे. ब्राह्मणांच्या गरीब मुलांना वार लावून जेवण्याची सोय तरी होती. शेतकरी व कष्टकरी जातींच्या मुलांना तीही दुर्मिळ. अशा मुलाने संमेलनात भाग घ्यावा कसा?

म्हणून छात्रालयाचा इतिहास हाच खरोखर वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले व पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. आमच्या वऱ्हाडात हेच कार्य डॉ. पंजाबराव देशमुखांनी केले. पापळसारख्या खेड्यात 1898 मध्ये जन्मलेल्या ह्या पुरुषाने शिक्षणासाठी गावोगाव हिंडण्याचे हाल स्वतः भोगले होते. विलायतेहून परतल्यावर 1927 च्या सुमारास त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि ते सर्व जातींस खुले ठेविले. त्याच 1927 च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, हे लक्षात घेतले म्हणजे एका पंगतीला सर्व मुलांनी बसणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, हे कळेल. 1932 मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे तिचा पसारा वाढला, परंतु मूळ मात्र त्या छात्रालयाच्या पंगतीत आहे.

आखाड्याची कथा ह्याहून रंजक आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. लाठी, लेझीम, मलखांब ह्या देशी प्रकारांना त्यांनी शिस्तीचे रूप दिले. 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक मेळ्याच्या निमित्ताने मंडळाचे पथक जर्मनीस गेले. ते स्पर्धक म्हणून गेले नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांनी हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. हुतूतूचे नियम बडोद्यास 1923 मध्ये छापले गेले होते व 1938 मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडामेळ्यात त्यास स्थान मिळाले.

आम्हांस ह्या खेळाबद्दल एक गोष्ट नेहमी सुचते. क्रिकेटमध्ये चेंडू मध्ये असतो; लेझमीत प्रत्येकाची लेझीम वेगळी. हुतूतूत मात्र समोरच्याचे मनगट धरल्यावाचून, त्याच्या अंगावर पडल्यावाचून डाव होतच नाही. जो मुलगा विहिरीवर दूर उभा राही, त्यास मैदानात घेतले की शिवाशीव तेथेच संपली. आणि ती संपवावयाची नसेल तर त्यास घेताच येत नाही. शाळेच्या मैदानावर कोण खेळतो व कोण काठावर बसून पाहतो, ह्यावरून त्या गावाची स्थिती परीक्षेच्या निकालापेक्षा अधिक समजते. 1928 मध्ये पंजाबरावांनी जिल्हा कौन्सिलाच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. मैदाने खुली करण्यास मात्र कोणाचा हुकूम पुरेसा होत नाही.

लेखन-वाचनाच्या उपक्रमांत खानदेशचा दाखला देणे भाग आहे. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 पासून शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहीत आणि 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. ह्यासाठी दौत, कागद आणि रात्रीचे जागरण एवढेच भांडवल लागत होते.

आता थोडे स्वतःविषयी. प्रस्तुत स्मरणिका एका ज्ञातीची आहे आणि ज्ञातीच्या वसतिगृहांनी आमच्या मुलांना आसरा दिला, हे ऋण आम्ही विसरत नाही. तथापि ज्या छात्रालयात केवळ एकाच घराण्या-गोत्याची मुले जेवतात, खेळतात व वाद घालतात, तेथे वादात विरुद्ध बाजूच उभी राहत नाही. वसतिगृहाच्या खोल्या ज्ञातीच्या देणगीतून बांधल्या असोत. पण त्यांतील व्यायामशाळा, वाचनालय आणि शनिवारची चर्चासभा गावातील सर्व मुलांस खुली करावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहो. तिला विरोध होईल हे आम्ही जाणतो, आणि तो विरोध सभेत उघडपणे बोलून दाखवावा, एवढीच विनंती आहे.

2024 मध्ये रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठास पहिले कुलगुरू मिळाले. पूर्वी मुले रिद्धपूर सोडून शिकावयास जात. आता बाहेरगावची मुले तेथे येऊ लागतील. त्यांच्यासाठी संध्याकाळच्या जेवणाची आणि खेळाच्या मैदानाची व्यवस्था काय आहे, ह्याची चौकशी करण्यास आमच्यापैकी दोघांनी येत्या यात्रेच्या वेळी तेथे जावयाचे ठरविले आहे.