इब्न अल-हैसमनंतरचा प्रकाश

आपल्या समाजात विज्ञानाचा विषय निघाला की इब्न अल-हैसमचे नाव हमखास येते. आमच्या ठाकुर्लीतही येते. ते यायलाच हवे. सुमारे 965 साली बसऱ्यात जन्मलेल्या या माणसाने कैरोत राहून ‘किताब अल-मनाज़िर’ लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो, हे त्याने प्रयोगांच्या आधारे मांडले. पण आपली गोष्ट बहुधा इथेच संपते. त्या प्रकाशाचे पुढे काय झाले? त्यातला एकच धागा इथे सांगतो.

1798 साली नेपोलियनच्या फौजेबरोबर एटिएन मालुस हा फ्रेंच इंजिनिअर इजिप्तमध्ये आला. पुढे 1808 मध्ये पॅरिसला खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश स्फटिकातून पाहताना त्याच्या लक्षात आले की परावर्तनाने प्रकाशाला एक विशिष्ट दिशा येते. यालाच आपण ध्रुवीकरण म्हणतो.

काही रेणू प्रकाश शोषतात आणि काही नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागानंतर, तो परत सोडतात. ध्रुवित प्रकाश टाकला तर त्या दिशेला असलेले रेणूच मुख्यतः तो शोषतात. प्रकाश सोडेपर्यंत रेणू स्थिर राहिला तर दिशा टिकते. मधल्या काळात तो फिरला तर दिशा विस्कटते. किती विस्कटली त्यावरून फिरण्याचा वेग काढता येतो. याचे गणित फ्रान्सिस पेरँ यांनी 1926 मध्ये मांडले. अर्जेंटिनाहून केंब्रिजला शिकायला आलेल्या ग्रेगोरिओ वेबर यांनी असा चमकणारा रेणू प्रोटीनला जोडला आणि 1952 मध्ये प्रोटीनचे फिरणे मोजून दाखवले.

हा धागा पुढे मुंबईत येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एन. पेरियासामी आणि जी. कृष्णमूर्ती लेझरच्या अतिसूक्ष्म झोतांनी हीच मोजमापे करत होते. 1996 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारस्टार या 89 अमिनो आम्लांच्या छोट्या प्रोटीनवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बाहेरून रंग जोडला नाही. प्रोटीनच्या पोटात दडलेले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लच खबऱ्या म्हणून वापरले. प्रोटीन नीट घडी घातलेले असताना ट्रिप्टोफॅन अडकून बसते आणि सगळ्या प्रोटीनबरोबरच फिरते. रसायनाने घडी मोडली की ते स्वतःही वळवळू लागते. त्यावरून अर्धवट घडीच्या मधल्या अवस्थाही ओळखता आल्या. अल्झायमरसारख्या रोगांत प्रोटीनची घडी बिघडते, म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

या कामात जयंत उदगावकर होते. ते तेव्हा बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये होते. हे केंद्र ज्यांनी उभे केले त्यांचे नाव ओबेद सिद्दीकी. जन्म 1932, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. शिक्षण अलीगढला, मग ग्लासगोला. होमी भाभांनी बोलावल्यावर 1962 मध्ये त्यांनी टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. बारस्टारवरचे प्रयोग त्यांचे नव्हेत. त्यांचा विषय जनुके आणि फळमाशीचे चव-वासाचे ज्ञान. पण ज्या घरात असे प्रयोग होतात, ते घर त्यांनी बांधले. 2013 मध्ये त्यांचे निधन झाले.

हजार वर्षांपूर्वीच्या बसऱ्याचा आपल्याला अभिमान आहे. बस्तीच्या माणसाचे नाव मात्र आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? इब्न अल-हैसम थोर होता, पण त्याने कोणाला प्रयोगशाळेत नोकरी दिली नाही. सिद्दीकींनी दिली, आणि देताना नाव-गाव पाहिले नाही. बीएस्सीला असलेल्या आपल्या मुला-मुलींना एवढे तरी सांगूया की ठाकुर्लीहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून बसने कुलाबा, इतक्याच अंतरावर हे काम होते.